परसातला जिताडा

आमच्या सीवूड्सच्या रो हाउसच्या मागे चौदा बाय दहा फुटांचं परस आहे. बिल्डरच्या कागदावर त्याला गार्डन म्हटलेलं होतं. प्रत्यक्षात तिथे एक मोडकी सायकल, पाण्याची जुनी टाकी आणि कशीबशी जगलेली तुळस, एवढंच वीस वर्षं होतं. मी न्हावा शेव्याला आयुष्यभर कस्टम्सच्या कागदांचं काम केलं. कागदावर एक आणि कंटेनरमध्ये दुसरंच, याची मला सवय होती, त्यामुळे मी कधी तक्रार केली नाही.

अठ्ठावन्नाव्या वर्षी नोकरी संपली आणि मी घरात दिवसभर दिसू लागलो. तिसऱ्या आठवड्यात बायको म्हणाली, "तू काहीतरी कर. बाहेर कर." परस बाहेर होतं. मी तिथे तळं खणायला घेतलं.

खणायला अकरा दिवस लागले आणि कंबर सरळ व्हायला त्याहून जास्त. दोन फुटांवरच खालून पाणी झिरपू लागलं. चाखून पाहिलं तर खारट. शेजारचे गृहस्थ भिंतीवरून रोज पाहणी करायचे. ते बँकेतून निवृत्त झालेले आहेत आणि दुसऱ्याने हाती घेतलेलं प्रत्येक काम त्यांना धोक्याचं वाटतं. "डेंग्यू होणार," ते म्हणाले. मी म्हटलं, "अजून पाणी भरलेलं नाही." "भरल्यावर होणार," ते म्हणाले आणि आत गेले.

मी जाड ताडपत्री अंथरली, कडेने विटा लावल्या, नळाचं पाणी भरून चार दिवस तसंच ठेवलं. नर्सरीतून कुमुदिनीचे दोन कंद आणले आणि कमळाचा एक. कुमुदिनी उगवली. कमळातून अळू निघालं. बायकोने त्याच्या वड्या केल्या आणि नर्सरीवाल्याकडून आणखी दोन कमळं मागून घे म्हणून सांगितलं. महापालिकेच्या मलेरिया विभागाने डासांच्या अळ्या खायला गप्पी मासे फुकट दिले. त्यात मी बारा गोल्डफिश विकत घेऊन सोडले, प्रत्येकी दोन बोटांएवढे. त्यांना नावं दिली नाहीत. मला माणसांचीच लक्षात राहत नाहीत. पण रोज सकाळी चहाचा कप घेऊन मी ते बारा मोजायचो, आणि ते बारा भरले की माझा दिवस बरा जायचा. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढा चोख माल मी पाहिला नव्हता.

उन्हाळ्यात माझे सासरे आमच्याकडे राहायला आले. त्यांचं गाव म्हणजे इथलंच, उरणच्या बाजूचं खाडीकाठचं. जमीन केव्हाच संपादनात गेलेली, राहतं घर तेवढं उरलेलं, आणि आता दोन्ही मेव्हण्यांनी ते पाडून तिथे इमारत बांधायला घेतली होती. इमारत उभी राहीपर्यंत मेव्हणे चौथ्या मजल्यावर भाड्याच्या फ्लॅटमध्ये गेले. सासरे आमच्याकडे आले. कारण त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. त्यांना लिफ्टची भीती वाटते.

आमच्या लग्नाला तेव्हा सव्वीस वर्षं झाली होती. मी देशावरचा, घरात कधी अंडंसुद्धा न आलेला. ती खाडीकाठची. लग्न रजिस्टर झालं आणि ते आले नाहीत. पुढे रीतसर येणं-जाणं सुरू झालं, चहा झाला, जेवणं झाली. माझ्यासाठी वेगळी वांग्याची भाजी व्हायची आणि ती वाढताना सगळे मला आजारी माणसासारखं सांभाळून घ्यायचे. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात, म्हणून मी पहिल्यापासून मामा म्हणत आलो. ते मला साहेब म्हणत आले. बरीच वर्षं मला तो मान वाटला. मग एकदा लक्षात आलं की जमीन मोजायला आलेल्यांनाही ते साहेबच म्हणायचे. फाइल घेऊन गावात येणारा तो साहेब. धाकट्या मेहुणीचा नवरा मात्र जावई होता. तो पहिल्या दिवाळीला गेला तेव्हा तिथे मोठा थाट झाला असं मी ऐकून होतो. माझ्या पहिल्या दिवाळीला चहा होता.

साठीला टेकलेल्या माणसाने कबूल करायची ही गोष्ट नव्हे, पण मला त्यांच्या तोंडून एकदा जावई हा शब्द ऐकायचा होता. बाकी मला त्यांच्याकडून काही नको होतं.

आल्या दिवशी ते तळ्याच्या काठी बराच वेळ उभे राहिले.

"खोल किती?"

"अडीच फूट."

"मासं कोनचं?"

"गोल्डफिश."

"खातात?"

"नाही मामा. बघतात."

"कोन बगतो?"

"मी."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि "ठीक हाय," म्हणाले. मला की तळ्याला ते कळलं नाही.

त्यानंतर ते रोज सकाळी प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन काठावर बसायचे. मी कप घेऊन एका बाजूला, ते दुसऱ्या बाजूला. बोलणं बेताचं. कधी ते सांगायचे की इथे सगळं खाजण होतं, खारं पाणी अडवायला बांध होता आणि त्या बांधावरून ते आत्याच्या गावाला चालत जायचे. बांध कुठे होता, असं विचारलं की ते हात करायचे. एकदा हात मॉलकडे झाला, एकदा रेल्वे स्टेशनकडे, एकदा शेजाऱ्यांच्या किचनकडे. मी तिन्ही वेळा हो म्हटलं. मला त्या सकाळी आवडायला लागल्या होत्या.

आषाढात ते दोन दिवस बांधकाम बघायला गावी गेले आणि दुधाची किटली घेऊन परत आले. किटलीत काय आहे, असं मी विचारलं नाही. सासरवाडीचा माल मी कधी तपासत नाही.

श्रावण संपता संपता गप्पी दिसेनासे झाले. गप्पींची मोजदाद कुणी ठेवत नाही, म्हणून मी दुर्लक्ष केलं. मग एके सकाळी गोल्डफिश अकरा भरले. तीनदा मोजले. पुढच्या आठवड्यात दहा. मी चौकशी हाती घेतली. पहिला संशय ढोकरीवर, कारण हा बगळा भिंतीवर तासन् तास मान आखडून बसायचा आणि त्याच्या चेहऱ्यावर अपराधी भाव होता. दुसरा संशय मांजरावर. तिसरा शेजाऱ्यांवर, पण तो मी बायकोलाही बोलून दाखवला नाही. शेवटी तळ्यावर जाळी बांधली. बांधताना मामांनी एक कोपरा धरला, गाठ मारून दिली, आणि गाठ इतकी पक्की होती की मला त्यांचं कौतुक वाटलं.

जाळीखाली दहाचे सात झाले. दिवाळीला पाच राहिले.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी मी कुमुदिनीचं पिवळं पडलेलं पान काढायला जाळी सोडली. पान उचललं. त्याखाली वीतभर लांबीचा करडा मासा स्थिर उभा होता. पाठीला कुबड, तोंड मोठं, डोळा पिवळा. तोंडातून एक नारिंगी शेपूट बाहेर आलेली होती. ती माझ्या देखत आत गेली.

मामा समोरच्या खुर्चीत बसले होते.

"हा कोण?" मी विचारलं.

"जिताडा हाय," ते शांतपणे म्हणाले.

"इथे कसा आला?"

"मीच सोरला. आखाडात. बोटाएवरा होता." त्यांनी करंगळी दाखवली. मग पाण्याकडे बघून, नातवाने ताट संपवल्यावर आजोबा म्हणतात त्या सुरात म्हणाले, "लय खाल्लं त्यानं."

माझं डोकं फिरलं. ते फिरायला वेळ लागत नाही, हे बायको कुणालाही सांगेल. मी म्हणालो, "मामा, निदान विचारायचं तरी. घर माझं, तळं माझं. तुमच्या गावात दुसऱ्याच्या जागेत असं न विचारता घुसतात का?"

शब्द तोंडातून गेले आणि मला कळलं की मी काय बोललो. ज्यांच्या सगळ्या गावात जमीन घ्यायला साहेब लोक न विचारता घुसले होते, त्या माणसाला मी हे विचारत होतो.

ते उठले. खुर्ची उचलून भिंतीला लावून ठेवली. "नाय साहेब," ते म्हणाले, "आमच्यात तशी रीत नाय." संध्याकाळी मोठा मेव्हणा त्यांना घेऊन गेला. चौथ्या मजल्यावर ते लिफ्टने गेले, असं नंतर कळलं.

दोन दिवस बायको माझ्याशी फक्त कुकरच्या शिट्ट्यांविषयी बोलली. तिसऱ्या दिवशी तांदूळ निवडता निवडता, माझ्याकडे न बघता, तिने सांगायला सुरुवात केली. त्यांच्या गावात प्रत्येक घरामागे तळं असायचं. पावसाळ्यात खाडीतून जिताड्याची पिल्लं आणून त्यात सोडायची आणि वाढवायची. जावई पहिल्या दिवाळीला आला की त्यातला सगळ्यात मोठा जिताडा काढायचा आणि त्याचं डोकं जावयाच्या ताटात वाढायचं. ते ताटात पडलं की माणूस घरचा झाला. त्यासाठी बाजारातला जिताडा चालत नाही. घरच्या तळ्यातला, घरच्या हाताने वाढवलेला लागतो.

"आपल्या वेळी तळं होतं?" मी विचारलं.

"होतं. आणि त्यात जिताडाही होता. बाबा रागात होते."

"मग नंतर?"

"राग गेला तोवर तळं गेलं होतं. रस्त्याच्या भरावाखाली."

तांदळातला एक खडा मी उचलून बाजूला ठेवला. मग म्हणालो, "पण मी मासे खात नाही. हे त्यांना माहीत आहे."

"त्यांना चांगलं माहीत आहे," ती म्हणाली. "खाणं वेगळं, मान वेगळा. खायला आम्ही आहोत की."

"मानाला केवढा लागतो?"

"तीन किलोचा तरी. तीन वर्षं जातात."

मामा तेव्हा एकोणऐंशीचे होते. त्या वयात त्यांनी करंगळीएवढा मासा किटलीत घालून, एस्टीत मांडीवर धरून, माझ्यासाठी आणला होता. मी ताडपत्री आणि विटा बघितल्या होत्या आणि त्याला माझं तळं म्हणत होतो. मला फार लाज वाटली. एवढी लाज मला कुठल्याच साहेबासमोर वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी उरलेले चार गोल्डफिश बादलीत काढले आणि जिताड्याला बाजारातलं माशांचं खाणं टाकलं. त्याने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तीन दिवस तो उपाशी होता. चौथ्या दिवशी मी नेरूळच्या मासळी बाजारात गेलो. नाकाला रुमाल लावून एका कोळणीसमोर उभा राहिलो आणि जिवंत काही मिळेल का विचारलं. तिच्या पाटीत निवट्या, म्हणजे चिखलातले बोटभर मासे, वळवळत होत्या.

"कालवनाला?" तिने विचारलं.

"जिताड्याला."

तिने हात थांबवला. "घरी जिताडा हाय?"

"सासऱ्यांनी तळ्यात सोडलाय."

तिने मला रुमालासकट नीट निरखलं. "मंग तुमी जावय," ती म्हणाली, आणि वर मूठभर निवट्या जास्त घातल्या.

सव्वीस वर्षांत हा शब्द मला पहिल्यांदा मिळाला तो असा, परक्या बाईकडून, रुमालाआडून. मी तिला थँक्यू म्हणालो. रिक्षात पिशवीतून एक निवटी निसटली आणि सीटखाली गेली. मी रिक्षावाल्याला सांगितलं नाही.

जिताड्याने सगळ्या निवट्या दहा मिनिटांत संपवल्या. त्या दुपारी मी चौथ्या मजल्यावर गेलो. मामा खिडकीशी बसले होते. खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसत होती.

"जिताडा खात नाही," मी म्हणालो. ते धडधडीत खोटं होतं.

"काय दिलंत?"

"निवट्या."

आता ते माझ्याकडे वळले. "तुमी आनल्या?"

"हो."

"हातानं?"

"पिशवीनं."

त्यांनी थोडा विचार केला. "पानी कमी हाय तुमच्याकरं," ते म्हणाले आणि चपला शोधायला लागले.

लिफ्टचं दार बंद झालं तसं त्यांनी माझं कोपर घट्ट धरलं आणि डोळे मिटून घेतले. चार मजल्यांचा वेळ होता. तेवढ्यात मी म्हणून घेतलं, "मामा, माझं चुकलं. मी तसं बोलायला नको होतं." त्यांनी डोळे उघडले नाहीत. तळमजला आल्यावर कोपरही लगेच सोडलं नाही.

मग तळं वाढवायचं ठरलं, म्हणजे त्यांनी ठरवलं. जिताडा एका मोठ्या पिंपात गेला, पिंपावर पाट आणि पाटावर वरवंटा ठेवला. मामा खुर्चीतून सांगायचे, मी खणायचो. दहा बाय सहा फूट, खोली चार. तुळस कुंडीत गेली, सायकल भंगारात. शेजारचे गृहस्थ भिंतीवरून आले. मी कंबरेपर्यंत चिखलात होतो.

"आता हे काय नवीन?" त्यांनी विचारलं. "आणि पिंपात काय आहे?"

"जिताडा हाय," मामा म्हणाले. "माज्या जावयाचा."

मी खणत राहिलो. वर बघितलं असतं तर चेहरा कसा ठेवायचा ते मला सुचलं नसतं. त्या दिवशी मी गरजेपेक्षा अर्धा फूट जास्त खणलं.

याला तीन वर्षं झाली. गावातली इमारत केव्हाच पूर्ण झाली. मेव्हणे मामांना न्यायला दोनदा आले. दोन्ही वेळा मामांनी जिताड्याला कोण बघणार, असं विचारून त्यांना परत पाठवलं. मी आहे, असं मी दोन्ही वेळा म्हणालो नाही. पाण्यात हवा सोडायला पंप लावला आहे. कुमुदिनीला फुलं येतात. चार गोल्डफिश घरात काचेच्या टाकीत आहेत आणि मी अजूनही त्यांना रोज मोजतो. मासळी बाजारात मला आता रुमाल लागत नाही. मामांचे हात अलीकडे थरथरतात, कप अर्धाच भरावा लागतो. पण सकाळी सातला खुर्ची काठावर असते. जिताडा वर येतो, आणि ते त्याला निवटी टाकून त्याच्याशी काहीबाही बोलतात. माझ्याशी बोलायचे त्यापेक्षा जास्त.

पहिल्या दिवाळीला त्यांनी पाण्यात बघून "ल्हान हाय," असा निकाल दिला होता. दुसऱ्या दिवाळीलाही तोच.

या दिवाळीला दोन्ही मेव्हणे, त्यांच्या बायका, मेहुणी आणि तो जुना जावई, सगळे आमच्याकडे आले. धाकट्या मेव्हण्याच्या खांद्यावर फेकजाळं होतं. बायकोने नारळ खवून ठेवला होता, वाटण तयार होतं. माझ्यासाठी वेगळी वांग्याची भाजीही होती. सगळे परसात जमले. जिताडा तळ्याच्या मधोमध होता. तो आता माझ्या हाताएवढा लांब आहे, आणि तो वळला की कुमुदिनीची सगळी पानं हलतात.

"बाबा, टाकू?" मेव्हण्याने विचारलं.

मामांनी पाण्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मग खुर्चीचा दांडा धरून ते माझ्याकडे वळले. "तुमी सांगा, जावय."

एकोणतीस वर्षं मला जे हवं होतं ते चार फूट पाण्यात माझ्यासमोर फिरत होतं, चांगलं तीन किलो भरेल एवढं. मी ते बघितलं. मग काठावरची खुर्ची बघितली. जिताडा निघाला की उद्या सकाळी सातला तिच्यात बसून बघायला काय उरणार होतं, तेही बघितलं.

"अजून लहान आहे," मी म्हणालो.

मेव्हण्याने आधी माशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आयुष्यभर खोटे कागद पकडण्यात घालवलेल्या माणसाने एवढं उघड खोटं सांगावं, हे त्याला पटत नव्हतं. तो काही बोलणार तेवढ्यात मामांनी मान डोलावली.

"लय ल्हान हाय," ते म्हणाले, आणि खुर्ची आणखी थोडी तळ्याजवळ ओढून घेतली.